संत्र्याचा बहार : एका प्रश्नाचा इतिहास



वसंतातल्या व्याख्यानमालेत फुलांवर बोलावयाचे म्हटले, की श्रोत्यांना थोड्याफार काव्याची अपेक्षा असते. ती आम्हांला पुरी करता येणार नाही, ह्याची क्षमा आरंभीच मागून ठेवतो. आमचा आजचा विषय फुलाच्या शोभेचा नसून फुलाच्या वेळेचा आहे. झाडाला फूल धरण्याची वेळ झाली, हे त्याला कोण सांगते? झाडाला ना डोळे, ना कान, ना पंचांग. तरीसुद्धा एका शिवारातील सारी झाडे एकाच पंधरवड्यात फुलतात. हे घडते कसे?

प्रश्न पोरकट वाटण्याजोगा आहे. परंतु शहाण्यासुरत्या माणसांनी ह्या प्रश्नापायी आयुष्ये वेचली, एका शास्त्रज्ञाने त्यापायी राजसत्तेचा रोष ओढवून घेतला, आणि नागपूर-अमरावतीकडील हजारो कुटुंबांची वर्षाची भाकरी आजही त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून उदाहरणादाखल आम्ही संत्र्याचे झाड निवडले आहे. संत्रे आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. पण ते झाडावर येते कसे, ही हकीकत मात्र फारशी कोणी सांगितलेली नाही.

आपल्यापैकी ज्यांचे आप्तस्वकीय काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी ह्या भागात असतील, त्यांनी संत्र्याच्या बागेतला एक चमत्कारिक प्रकार पाहिला असेल. डिसेंबर लागला, की बागायतदार झाडांचे पाणी तोडतो. विहिरीत पाणी असते, मोट असो की पंप असो, चालू स्थितीत असतो. पण झाडाला थेंबभर पाणी मिळत नाही. पाने निस्तेज होतात, मरगळतात, काही गळूनही पडतात. नवख्या माणसाला वाटावे, की हा गृहस्थ आपल्या हाताने आपली बाग मारीत आहे. ह्याला 'ताण देणे' असे म्हणतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने हा उपास चालतो. मग जानेवारीत मशागत करून, खत घालून पाणी सोडतात. आधी बेताचे, मग भरपूर. आणि थोड्याच दिवसांत पांढऱ्या फुलांनी झाड भरून जाते. आंब्याला मोहोर येण्याच्या सुमारास हा बहार फुटतो, म्हणून तो आंबिया बहार. त्याची फळे दिवाळीच्या आगेमागे उतरू लागतात. हाच ताण एप्रिल-मे महिन्यांत दिला आणि मृगाच्या पावसाने तो तुटला, तर जून-जुलैत फूल येते. हा मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चकडे निघतात. ह्याखेरीज सप्टेंबर-ऑक्टोबरात फुटणारा हस्त बहार आहे. पण विदर्भात मुख्य व्यवहार पहिल्या दोहोंचाच.

म्हणजे पाहा, इतर देशांत झाड आपल्या मर्जीने फुलते, आणि आपला बागायतदार त्याला ठरल्या वेळी फुलवतो. ही विद्या कोणी पुस्तकातून शिकविली नाही. अशीच विद्या भूमध्यसमुद्रातील सिसिली बेटावरही स्वतंत्रपणे उपजली. तेथील बागायतदार ऐन उन्हाळ्यात लिंबाच्या झाडांचे पाणी तोडतात आणि मग एकदम सोडतात. अवेळी आलेल्या त्या फुलांपासून पुढल्या उन्हाळ्यात, बाजारात माल कमी असताना, हिरवी लिंबे मिळतात. सिसिलीच्या शेतकऱ्याची आणि काटोलच्या शेतकऱ्याची गाठ पडण्याचा संभव नव्हता. दोघांनाही झाडानेच धडा दिला.

संत्र्याच्या कुळाशी माणसाचा परिचय तसा फार जुना. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासावरून असे दिसते, की लिंबू-संत्रे वर्गातील झाडांचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत ह्या टापूत असावे. आपला संस्कृत 'नारंग' शब्द इराण-अरबस्तानातून स्पेनपर्यंत जाऊन पोचला. चीनमध्ये हान येन-चि नावाच्या अधिकाऱ्याने ११७८ मध्ये वेन्चौ प्रांतीच्या संत्र्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून २७ जातींचे वर्णन केले. आपल्याकडे भोसल्यांच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगाबादेहून रोपे आणून नागपुरात लावली गेली, अशी हकीकत परंपरेने सांगतात. लागवडीचा इतिहास असा मोठा आहे. 'झाडाला सांगते कोण?' हा प्रश्न मात्र ह्या दीर्घ काळात कोणी नेटाने विचारलेला दिसत नाही. बागायतदाराला विचारले, तर तो म्हणे, की झाडाला मरणाची भीती पडली की ते वंश राखण्यासाठी फुलते. हे उत्तर मनाला पटते. पण पटणारे उत्तर आणि खरे उत्तर ह्यांत पुष्कळदा अंतर असते, आणि ते अंतर तोडावयास शास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली.

ह्या वाटचालीचा आरंभ संत्र्यापासून झाला नाही. १८८० च्या सुमारास जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ यूलिउस झाक्स ह्यांनी असा तर्क मांडला, की फूल घडविणारे काही द्रव्य पानांत तयार होत असावे. तर्क चांगला होता. पण तो पुढे कित्येक वर्षे तसाच पडून राहिला. कारण त्या काळी बहुतेकांचे मत असे, की झाड पुरेसे पोसले की आपोआप फुलते.

ह्या मताला पहिला मोठा धक्का दिला तो तंबाखूच्या एका जातीने. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ सरकारी कृषिखात्याचे गार्नर आणि ॲलर्ड हे दोघे शास्त्रज्ञ काम करीत होते. 'मेरिलँड मॅमथ' नावाची ही तंबाखू उन्हाळाभर पुरुषभर उंचीच्याही वर वाढे, पण फूल म्हणून धरीत नसे. तीच हिवाळ्यात काचेच्या घरात ठेवली, की लहानपणीच फुले. खत, पाणी, उष्णता, सर्व पाहून झाले. शेवटी त्यांनी एक साधी युक्ती केली. उन्हाळ्यातच कुंड्या दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवावयाच्या, म्हणजे झाडाच्या दृष्टीने दिवस लहान झाला. आणि झाडे फुलली! १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. झाड दिवसाची लांबी मोजते, हे तोपर्यंत कोणी इतक्या स्पष्टपणे दाखविले नव्हते.

पण मोजते कोठे? १९३४ मध्ये पालकाच्या रोपांवर प्रयोग करून नॉट ह्यांनी दाखविले, की दिवसाची जाणीव पानाला होते. येथे एक कोडे उभे राहिले. जाणीव पानाला, आणि फूल मात्र शेंड्याच्या कोंबात. मधे तर देठ आहे, खोड आहे, फांदी आहे. म्हणजे पानाकडून कोंबाकडे काहीतरी निरोप जात असला पाहिजे.

हा निरोप आहे, असे ठामपणे सांगणारा माणूस म्हणजे मिखाईल चायलाख्यान. हे जातीचे आर्मेनियन. सोविएट रशियात मॉस्कोला काम करीत. त्यांनी शेवंतीची रोपे घेतली. शेंड्याकडची पाने काढून टाकली, खालची ठेवली. खालच्या पानांना लहान दिवस दाखविला आणि उघड्या शेंड्याला मोठा दिवस. शेवंती ही लहान दिवसांत फुलणारी. शेंड्याला फुलण्याजोगा दिवस मिळाला नव्हता, तरीही फूल शेंड्यालाच आले. पानांनी पाहिले आणि शेंड्याने ऐकले. पुढे कलमांच्या प्रयोगांतही असेच दिसले, की फुलण्यास सिद्ध झालेल्या झाडाचा भाग दुसऱ्या, न फुललेल्या झाडावर बांधला, तर ते दुसरे झाडही फुलते. १९३६-३७ च्या सुमारास चायलाख्यान ह्यांनी ह्या अज्ञात निरोप्याला 'फ्लॉरिजेन' असे नाव दिले. आपण त्याला पुष्पजनक म्हणू.

पण तो काळ आणि ते स्थळ दोन्ही वाईट होती. रशियात त्या वेळी लिसेंको ह्याचा उदय होत होता. गंमत अशी, की हा मनुष्यही पिकांच्या फुलण्यावरच नावारूपाला आलेला. गव्हाच्या बियाण्याला थंडी देऊन तो लौकर फुलवावा, ह्या प्रयोगाचा त्याने मोठा गाजावाजा केला होता. जनुके, संप्रेरके वगैरे गोष्टी त्याला मान्य नव्हत्या, आणि त्याला जे मान्य नाही ते राज्यकर्त्यांनाही मान्य नसे. निकोलाय वाविलोव्ह ह्यांच्यासारखा जगन्मान्य वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावला, एवढे सांगितले म्हणजे त्या वातावरणाची कल्पना येईल. चायलाख्यान ह्यांच्या फ्लॉरिजेनवर लिसेंकोच्या पक्षाने कडाडून टीका केली. त्यांच्या प्रबंधाच्या वाटेत अडथळे आणले गेले. त्यांनी आपला शब्द मागे घेतला नाही.

राजसत्तेचा विरोध एक वेळ ओसरतो. पण चायलाख्यान ह्यांचा दुसरा विरोधक अधिक चिवट होता. तो म्हणजे निसर्ग. फ्लॉरिजेन हाती लागेना! जगातील नाना प्रयोगशाळांत पाने वाटून, त्यांचा अर्क काढून, तो न फुललेल्या झाडांना लावून पाहिला. दहा, वीस, चाळीस वर्षे गेली. कोणाच्या हाती खात्रीचे काही लागले नाही. असा काही पदार्थ नाहीच, असे म्हणणारेही निघाले. चायलाख्यान १९९१ मध्ये निवर्तले. आपण नाव दिलेली वस्तू त्यांना डोळ्यांनी पाहावयास मिळाली नाही.

आता आपण संत्र्याकडे येऊ. वरच्या सर्व प्रयोगांत झाड दिवस मोजत होते. संत्रे मात्र दिवसाच्या लांबीकडे फारसे लक्ष देत नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॉस ह्यांनी मोसंबी-वर्गातील गोड संत्र्यावर तापमान आणि दिवसमान ह्या दोहोंचे प्रयोग केले, तेव्हा फुलाचे मुख्य कारण थंडी हेच ठरले. १९८६ मध्ये फ्लॉरिडात साउथविक आणि डॅव्हनपोर्ट ह्यांनी ताहिती लिंबाच्या कुंडीतल्या झाडांवर मोजूनमापून दाखविले, की थंडीने फूल येते तसेच पाण्याच्या ताणानेही येते. म्हणजे आपल्या बागायतदाराचा ताण आता शास्त्राच्या दफ्तरी नोंदला गेला. आंबिया बहाराला विदर्भातल्या पौषाच्या थंडीचे आणि ताणाचे असे दुहेरी साह्य असते, आणि मृग बहाराचा सारा भार एकट्या ताणावर असतो, हेही त्यावरून उमगते. मृग बहार लहरी का, ह्याचे एक कारण येथे आहे. वैशाखात वळवाची एखादी जोरदार सर आली, की ताण अर्ध्यावर तुटतो. आणि थंडी तर त्या दिवसांत साह्याला नसतेच.

परंतु थंडी काय किंवा ताण काय, ही निमित्ते झाली. निरोप्या कोण, हे अजून कळावयाचे होते. ते कळले एका क्षुद्र तणाकडून. अरॅबिडॉप्सिस नावाचे मोहरीच्या कुळातील वीतभर झाड आहे. खाण्याच्या उपयोगाचे नाही, शोभेचे नाही. पण दीड-दोन महिन्यांत त्याची एक पिढी पुरी होते, म्हणून शास्त्रज्ञांना प्रिय. ह्या तणाची काही रोपे इतरांपेक्षा फार उशिरा फुलतात, असे ध्यानात आले. उशीर होतो त्या अर्थी निरोपाच्या वाटेवरचे एखादे जनुक बिघडलेले असणार. अशी बिघडलेली रोपे जमवून, एकेक जनुक हुडकून काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. १९९९ मध्ये अमेरिकेतील डेटलेफ वायगेल ह्यांच्या आणि जपानातील ताकाशी अराकी ह्यांच्या मंडळींनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे एक जनुक उलगडले. त्याचे संक्षिप्त नाव 'एफ. टी.'. हे पानात जागे होते आणि झाड फुलते.

हा निरोप्या चालत जातो कसा, हे शोधताना एक प्रसंग घडला, तो आपल्यापासून लपविण्याचे कारण नाही. २००५ मध्ये एका नामांकित नियतकालिकात असा दावा आला, की ह्या जनुकाची नक्कल, म्हणजे ज्याला आर. एन. ए. म्हणतात ते, पानातून शेंड्याकडे जाते. सगळीकडे जयजयकार झाला. पुढे आकड्यांत फेरफार झाल्याचे आढळले आणि २००७ मध्ये तो लेख मागे घ्यावा लागला. त्याच २००७ साली दोन ठिकाणांहून खरा पुरावा आला. जर्मनीत कोलोन येथे कुपलंड ह्यांच्या प्रयोगशाळेत त्या तणावर आणि जपानात नारा येथे शिमामोतो ह्यांच्या प्रयोगशाळेत भातावर असे दाखविण्यात आले, की प्रवास करते ते ह्या जनुकापासून घडलेले प्रथिन. पानाच्या शिरांत ते तयार होते, ज्या नळ्यांतून पानातील साखर खाली-वर वाहते त्याच नळ्यांतून ते शेंड्याच्या कोंबात पोचते, तेथे दुसऱ्या एका प्रथिनाला जाऊन मिळते, आणि मग पान घडविणारा कोंब फूल घडवू लागतो. चायलाख्यान ह्यांचा फ्लॉरिजेन तो हाच. नाव दिल्यापासून सत्तर वर्षांनी नावाचा धनी सापडला!

संत्र्यात हाच निरोप्या आहे काय? आहे. पण ते सांगण्यापूर्वी झाडाच्या वयाची गोष्ट सांगितली पाहिजे. बियांपासून लावलेले संत्र्याचे रोप सात-आठ वर्षे, कधी अधिकही, फूल धरीत नाही. काटे मात्र भरपूर येतात. त्याला थंडी द्या, ताण द्या, ते ऐकत नाही. हे त्याचे बाळपण. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले कलम मात्र चार-पाच वर्षांत फळाला येते, कारण डोळा ज्या झाडाचा काढला ते वयात आलेले असते. डोळा आकाराने कितीही लहान असला, तरी त्याचे वय आईचे असते. आपल्या माळ्यांना डोळा भरण्याचा फायदा ठाऊक होता, त्याचे कारण आता कळत आहे.

स्पेनमधील व्हॅलेन्सिया हा संत्र्यांचा जुना मुलूख. तेथील लेआंद्रो पेन्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्या मोहरीवर्गीय तणातील फुले घडविणारी दोन जनुके सिट्रेंज नावाच्या संकरित रोपांत घातली. ज्यांना अनेक वर्षे वाट पाहावी लागली असती, ती रोपे पहिल्या वर्षातच फुलली. वीतभर तण आणि वर्षानुवर्षे जगणारा वृक्ष ह्यांच्यात फुलाची भाषा एकच आहे, हे ह्यावरून सिद्ध झाले. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी संत्र्याच्याच कुळातील एफ. टी. जनुक त्रिपर्णी संत्र्याच्या रोपांत सतत जागे ठेवले. तीही अगदी कोवळ्या वयात फुलली. मग २००७ मध्ये निशिकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात्सुमा संत्र्यात पाहिले, की थंडी पडू लागली की हे जनुक अधिकाधिक जागे होते. राहिला ताण. २०१३ मध्ये फ्लॉरिडातील चिका आणि आल्ब्रिगो ह्यांनी गोड संत्र्याचे पाणी तोडून हेच जनुक तपासले. ताणानेही ते जागे होते, असे आढळले.

येथे आपण त्या जुन्या उत्तराकडे वळून पाहू. झाडाला मरणाची भीती पडते म्हणून ते फुलते, असे बागायतदार म्हणत आला. आता दिसते ते असे, की भीतीचा प्रश्न नाही. ताण ही एक खूण आहे. त्या खुणेने पानात एक प्रथिन घडते, ते कोंबाला 'होय' म्हणून सांगते, आणि पाणी मिळताच फूल बाहेर पडते. हा फरक केवळ शब्दांचा नव्हे. भीतीनेच फूल येत असेल, तर अधिक भीती घातली की अधिक फूल यावे. मग ताण आणखी ताणावा, असे कोणासही वाटेल. पण खूण एकदा पोचली, की ती दामटून उपयोग नसतो. त्यापुढचा ताण म्हणजे नुसते मरण.

आणि पानाचा होकार ही अर्धीच कथा आहे. उरलेली अर्धी फळाची.

कोणत्याही जुन्या बागेत पाहा, एके वर्षी झाड फळांनी लवते, आणि दुसऱ्या वर्षी नुसती पाने. थंडी तीच, ताण तोच, मशागतही तीच. पण झाड फुलावयाचे नाकारते. लोक म्हणत, झाड दमले. साखर संपली, साठा सरला, असे काही शास्त्रज्ञही बरीच वर्षे म्हणत. ह्या बाबतीत पहिला धागा एका वेगळ्याच पिकाकडून आला. भाताच्या रोपांना होणारा एक रोग आहे. रोपे वेडीवाकडी उंच वाढतात आणि कोलमडतात. १९२६ मध्ये कुरोसावा ह्या जपानी शास्त्रज्ञाने दाखविले, की हा परिणाम एका बुरशीच्या स्रावाचा आहे. त्या द्रव्याला पुढे जिबरेलिन असे नाव पडले, आणि सर्व झाडे स्वतःही ते थोड्या प्रमाणात तयार करतात, असे आढळून आले. १९६४ मध्ये इस्रायलमधील मॉन्सेलिझ आणि हालेवी ह्यांनी ते संत्र्याच्या झाडांवर फवारले, तर फूल कमी झाले. वाढ रोखणारी औषधे फवारली, तर उलट परिणाम. आपल्याकडे भारी जमिनीत ताण नीट बसत नाही, अशा वेळी सायकोसेलच्या फवारणीची शिफारस केली जाते. तिचे मर्म हेच. सायकोसेल झाडाला जिबरेलिन करू देत नाही.

परंतु फळ नेमके काय करते? त्याचा उलगडा पुन्हा व्हॅलेन्सियालाच झाला. २०११ मध्ये तेथील संशोधकांनी फळांनी भरलेली झाडे आणि फळे नसलेली झाडे शेजारी शेजारी तपासली. फळ असलेल्या झाडाच्या पानांत एफ. टी. जनुक जागेच होत नव्हते. २०२० मध्ये त्यांनी पुढली पायरी गाठली. फळाच्या सान्निध्याने एक दुसरे जनुक जागे होते. त्याचे काम फुलाला अडविण्याचे. हे जागे होते म्हणजे काय, तर ज्या वेटोळ्यांवर जनुके गुंडाळलेली असतात त्यांवर काही रासायनिक खुणा उमटतात, जणू पोथीतल्या एका पानाला दोरा बांधून ठेवावा. ह्या खुणा असेतोवर थंडी येवो की काही येवो, पान 'होय' म्हणत नाही. नवी पालवी फुटली, की तिच्यावर त्या खुणा नसतात. ती नवी फांदी पुढल्या थंडीत पुन्हा होकार द्यावयास मोकळी असते.

म्हणजे झाड दमते, एवढ्याने भागत नाही. फळ नकार देते. होकार पानाचा आणि नकार फळाचा. ह्या दोहोंच्या तोलावर संत्र्याचा बहार ठरतो. बागायतदाराला होकार मिळविण्याची विद्या पूर्वीच साधली होती. नकार कोठून येतो, हे त्याला कळले नव्हते, आणि शास्त्रालाही ते गेल्या काही वर्षांतच कळले आहे.

फुलाचे फळ कसे होते, ह्यासंबंधी थोडक्यात सांगतो. संत्र्याच्या झाडावर फुले अपार येतात. त्यांतून शंभरी दोन-चार फळे हाती लागली तरी पुष्कळ. बाकीची फुले आणि बारकी फळे गळतात. फळ टिकावे म्हणून फुलाच्या पोटात योग्य वेळी जिबरेलिन वाढावे लागते. जपानच्या सात्सुमा संत्र्यात ते बीजधारणेवाचूनच वाढते, म्हणून त्याची फळे बिनबियांची असूनही टिकतात. अल्जीरियात निपजलेल्या क्लेमेंटाईन जातीत ते अपुरे पडते, म्हणून स्पेनमध्ये ऐन फुलाच्या वेळी त्याची फवारणी करतात. जे द्रव्य हिवाळ्यात फुलाला अडविते, तेच वसंतात फळाला तारते. द्रव्य चांगले की वाईट, हा प्रश्नच चुकीचा; वेळ कोणती, एवढेच विचारावयाचे.

श्रोतेहो, इतिहास सांगून झाला. आता ह्याचा आपल्याशी संबंध काय, ते सांगून थांबतो.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नागपुरात लिंबूवर्गीय फळांचे केंद्रीय संशोधन केंद्र आहे. नाव आहे, संस्था आहे. पण वरुड-मोर्शीकडे जमिनीतले पाणी वर्षानुवर्षे खोल गेले आहे, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात कित्येक बागा उभ्या वाळल्या. बागायतदार ताण देतो तो विहिरीच्या भरवशावर. पाणी तोडणे आपल्या हाती, पण ठरल्या दिवशी ते पुन्हा सोडणे आपल्या हाती नसेल, तर जी विद्या पिढ्यांनी कमावली तीच झाडाच्या जिवावर उठते. ताण तोडण्यापुरते पाणी विहिरीत शिल्लक आहे की नाही, हे आधी पाहावे आणि मगच ताणाला हात घालावा, एवढा विवेक ह्या सर्व संशोधनाने अधिक पक्का केला आहे.

दुसरी गोष्ट लोभाची. एकाच झाडावर आंबियाही घ्यावा आणि मृगही घ्यावा, किंवा भाव चढेल म्हणून पिकलेली फळे झाडावरच राखावीत, असा मोह पुष्कळांना होतो. वडीलधारे बागायतदार म्हणत आले, की झाडाला वर्षातून एकच बहार मागावा. त्यांच्यापाशी जनुकांचा पुरावा नव्हता. आज तो आहे. झाडावर राहिलेले फळ म्हणजे पुढल्या बहाराला दिलेला नकार. स्पेनमधील आकडे आपल्या मातीला जसेच्या तसे लागू होतील, असे आम्ही म्हणत नाही; तेथील हिवाळा वेगळा, जात वेगळी. परंतु वेळेवर फळ उतरविणे, अतिभार झाला असेल तर लहानपणीच विरळणी करणे आणि नव्या पालवीला वाव देणे, ह्यांत झाडाचे कोठेही नुकसान नाही.

मॉस्कोतल्या त्या माणसाची आठवण काढून आम्ही पुरे करतो. शेवंतीच्या एका कुंडीवरून त्यांनी सांगितले, की पान कोंबाशी बोलते. ते सिद्ध झाले त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. आपल्या बागायतदारांच्या मागच्या कित्येक पिढ्या त्याच बोलण्याचा अर्थ हाताने जाणत होत्या, आणि त्याही तो तोंडाने सांगू शकल्या नाहीत. ह्या दोघांची आता कोठे ओळख होत आहे. ती ओळख शेताच्या बांधापर्यंत नेण्याचे काम प्रयोगशाळेचे आहे, तितकेच आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांचेही आहे. ह्या मंडपात ज्यांची कोणाची बाग असेल, त्यांनी येत्या पौषात पाणी तोडण्यापूर्वी झाडाकडे एकवार निरखून पाहावे. कोणत्या फांदीवर अजून फळ आहे, कोणत्या फांदीवर नवी पाने आहेत आणि विहिरीत पाणी किती आहे, ह्या तीन गोष्टी पाहून मग ताणाचा निर्णय घ्यावा.